अकीकची धूळ आणि दियतचा प्रश्न

मय्यतीच्या घरी पुरसा द्यायला गेलेला माणूस बहुधा एकच वाक्य बोलून खाली बसतो : वक्त आ गया था. हे वाक्य खोटे नाही. ईमानवाल्याला ते नाकारता येत नाही आणि ज्याच्या घरातून जनाजा उठला त्याला त्याचा आधारही वाटतो. पण हेच वाक्य पुरशाच्या चटईवरून उठून खाणीच्या तोंडाशी, गिरणीच्या फाटकाशी, कारागिराच्या चाकाजवळ जाऊन उभे राहते, तेव्हा ते कोणाच्या कामी येते हे पाहावे लागते. मरण लिहिलेले असते हे मान्य. मग ज्याच्यामुळे ते आले त्याच्याकडे काहीच देणे उरत नाही काय? इल्मे-कलामच्या किताबांत तकदीरचा हा वाद फार जुना आहे. आम्ही तो तिथून उचलणार नाही. माणसाच्या छातीतील एका अगदी लहान वस्तूच्या मरणापासून तो उचलावा असे आम्हाला वाटते.

ही लहान वस्तू म्हणजे पेशी. आमच्या उर्दू माध्यमाच्या पुस्तकांत तिला खलिया म्हणतात. अरबीत खलिया म्हणजे मधमाश्यांचे पोळेसुद्धा. हा शब्द ज्याने निवडला त्याची नजर चांगली होती. आजार पेशीत बसतो हे जगाला उशिरा कळले. युनानी हकीम रोगाचे मूळ चार अखलातमध्ये, म्हणजे खून, बलगम, सफरा आणि सौदा यांच्या बिघाडात शोधत असत. युरोपातही शतकानुशतके तेच चालले. 1858 साली बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो याने व्याख्याने देऊन सांगितले की बिघाड रसांत नाही, पेशीत आहे. याच फिरखोला दहा वर्षे आधी, 1848 मध्ये, प्रशियाच्या सरकारने अप्पर सायलेशियातील टायफसची साथ पाहायला पाठवले होते. त्याने जो अहवाल लिहिला त्यात औषधांपेक्षा उपासमार, गरिबी, अज्ञान आणि बेपर्वा कारभार यांचीच चर्चा अधिक होती. रोगाचे घर पेशीत आहे हे सांगणारा आणि रोगाची वाट समाजातून जाते हे सांगणारा माणूस एकच. वैद्यकाने त्याची पहिली गोष्ट उचलली. दुसरी बरीचशी भाषणांपुरती राहिली.

पेशी दोन तऱ्हांनी मरते. पहिल्या तऱ्हेचे मरण तिच्या आतच लिहिलेले असते. आईच्या पोटात बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून पाच बोटे सुटी होतात. मोठ्या माणसाच्या शरीरातही रोज अब्जावधी पेशी अशाच जातात. पेशी आक्रसते, तिचा मरकजा तुकडे होऊन आवरला जातो, ती लहान लहान पुड्या बांधून घेते आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या निमूट उचलतात. सूज नाही, गडबड नाही. 1972 मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी या मरणाला ॲपॉप्टोसिस असे ग्रीक नाव दिले; मूळ अर्थ पानगळ. या मरणाचे कायदे शोधणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना 2002 चे नोबेल मिळाले. एका इवल्या कृमीच्या वाढीत 1,090 पेशी जन्मतात आणि त्यातल्या नेमक्या 131 मरतात, हे त्याच शोधाच्या ओघात मोजले गेले. ज्या पेशी हा हुकूम मानायचे सोडतात त्यांच्यातून कर्करोग उभा राहतो.

दुसऱ्या तऱ्हेचे मरण बाहेरून येते. प्राणवायू तुटतो, विष शिरते, जंतू शिरतो, आग लागते. पेशी एकदम मरत नाही. आधी तिची ऊर्जा घटते, क्षार आत-बाहेर करणारे पंप थकतात, पाणी शिरून ती फुगते. इथपर्यंत कारण दूर झाले तर ती सावरते. पण एक हद्द ओलांडली, ऊर्जा तयार करणारे भाग निकामी झाले आणि आवरण फाटले, की परतीची वाट नाही. मग ती फुटते. तिच्या पोटातले पाचक रस शेजाऱ्यांवर सांडतात, सूज येते, आजूबाजूच्या चांगल्या पेशीही होरपळतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याला बहुतेक वेळा ओळखता येते की ही पानगळ आहे आणि ही तोड आहे.

आता ही तोड एका खऱ्या ठिकाणी जाऊन पाहू.

गुजरातमध्ये आखाताच्या टोकाशी खंभात आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात या बंदरात येऊन गेला. त्याच्याही कितीतरी आधी, चार हजार वर्षांपूर्वी, याच आखाताकाठी लोथल येथे मण्यांचे कारखाने होते आणि या भागातले लाल मणी पार इराकपर्यंत जात. तो धंदा आजही चालू आहे. भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या डोंगरात अकीक खणून काढतात. दगड उन्हात वाळवतात, मडक्यांत भरून मंद आगीत भाजतात; त्यातल्या लोखंडाचा रंग बदलतो आणि पिवळसर दगड लाल होतो. मग तो लोखंडी खुंटीवर टेकवून शिंगाच्या हातोडीने फोडतात, एमरीच्या चाकावर घासतात, हिऱ्याच्या टोकाने भोक पाडतात आणि पिंपात फिरवून चकाकी आणतात. अंगठीचा नगीना, तसबीहचे दाणे, माळा, पेपरवेट, सगळे त्यातून निघते. (अकीक आणि अकीका हे दोन शब्द मुलांना एकाच घरातले वाटतात, आणि ते खरेच आहे, दोन्हींचा धातू एक, अर्थ चिरणे, कापणे.)

अकीकची अंगठी आमच्या लोकांना फार प्यारी. अकीकच्या फजीलतीच्या रिवायती मुहद्दिसांनी जईफ ठरवल्या आहेत, तरी बोटातला नगीना काही उतरत नाही; शिया बांधवांत तर त्याचा मान आणखी मोठा. आमची अंगठीशी तक्रार नाही. आम्हाला फक्त तो दगड चाकावर धरला जातो त्या क्षणाकडे वाचकांचे लक्ष न्यायचे आहे.

अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. कठीणपणात दहापैकी सुमारे सात. विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या चाकावर तो घासला की पांढरा धुरळा उडतो. डोळ्यांना दिसतो तो धुरळा फारसा घातक नाही. तो नाकात अडकतो, खोकल्याने पडतो. घातक तो, जो दिसत नाही. पाच मायक्रॉनहून लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या हवेच्या फुग्यांपर्यंत पोचतो. असे फुगे आपल्या छातीत 30 कोटींहून अधिक आहेत. तोंडाला बांधलेला रुमाल या कणाला अडवत नाही. रुमालाच्या विणीतून तो सहज जातो.

त्या फुग्यांत एक पेशी पहारा देत फिरत असते, मॅक्रोफेज. तिचे काम एकच. बाहेरचे जे काही आत आले ते गिळायचे आणि पचवायचे. धूळ असो, जंतू असो, ती गिळते. सिलिकाचा कणही ती गिळते आणि इथे घात होतो. कण ज्या पिशवीत बंद केला त्या पिशवीत पाचक रस ओतले जातात, पण दगड काही विरघळत नाही. उलट नुकत्याच फुटलेल्या दगडाचा पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या तापट असतो. तो पिशवीचेच आवरण फाडतो. पचवण्यासाठी ठेवलेले रस पेशीच्या स्वतःच्या अंगात सांडतात. त्या फुटीची बातमी पेशीतील एका यंत्रणेला लागते आणि ती सुजेचे संदेश सोडू लागते. ही यंत्रणा सिलिकाने कशी जागी होते हे 2008 मध्ये उलगडले. पेशी मरते, फुटते, आणि कण जसाच्या तसा पुन्हा मोकळा. मग दुसरी पहारेकरी पेशी येते, तोच कण उचलते आणि तशीच मरते. मग तिसरी.

एकच कण, आणि त्याने मारलेल्यांची गणती नाही. कण झिजत नाही, थकत नाही, शरीर त्याला बाहेर काढू शकत नाही. सुजेच्या जागी डागडुजी करणाऱ्या पेशी येतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट तंतू थरावर थर रचतात. जखम भरून काढण्याची ही नेकीच शेवटी श्वास अडवते, कारण हवेने भरायची जागा व्रणाने भरते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. बहुतेकांना तो दहा वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा जाणवतो. धूळ फार असेल तर पाच वर्षांतही. चाक सोडल्यावरही तो वाढत राहतो. त्याला बरा करणारे औषध नाही. क्षयाच्या जंतूला रोखणारी पेशी हीच असल्यामुळे अशा छातीत क्षय लवकर शिरतो. आणि एक्स-रेवर दोन्हींत गल्लत होत असल्यामुळे कित्येक कारागीर वर्षानुवर्षे क्षयाच्याच गोळ्या खात राहतात. 1997 मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ही स्फटिक धूळ कर्करोगकारक म्हणूनही जाहीर केली.

पेशीच्या जखमेचा जो नियम वर सांगितला, की हद्दीच्या अलीकडे कारण दूर करा म्हणजे ती सावरेल, तो इथे लंगडा पडतो. कारण आत जाऊन बसले आहे. म्हणून तदबीरची जागा फक्त एक : श्वासाच्या आधी. चाकावर पाण्याची धार ठेवणे, धूळ तिथल्या तिथे ओढून घेणारी नळी बसवणे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या चाकांसाठी अशी साधने तयारही केली. म्हणजे इलाज ठाऊक नाही असे कोणालाच म्हणता येणार नाही.

इथे एक मोह होतो. शिक्षकी पेशातल्या माणसाला तर फारच होतो. पहारेकरी पेशी कर्तव्य करता करता जान देते, तेव्हा तिला शहीद म्हणावे, मुलांना तिचा आदर्श सांगावा, असे वाटते. आम्ही हा मोह टाळतो. पेशीला नीयत नाही. ती ना शूर आहे ना भोळी. अशा उपमांमध्ये एक धोका लपलेला असतो : पेशीच्या बलिदानाचे कौतुक करता करता आपण कारागिराच्या बलिदानाचेही कौतुक करू लागतो. कलेसाठी त्याने फुप्फुसे दिली, असे म्हणणारेही भेटतात. त्याने दिली नाहीत. त्याने दगड घासून रोटी मागितली होती.

पण नीयतचा प्रश्न माणसांकडे वळवला की कोडे पडते. खंभातच्या कारागिराला मारण्याची नीयत कोणाची आहे? खाणवाल्याची नाही. कच्चा दगड घरपोच देऊन तयार मणी मोजून घेणाऱ्या व्यापाऱ्याची नाही. मुंबईच्या मुहम्मद अली रोडवर तसबीह विकणाऱ्याची नाही, ती हातात घेऊन दरूद पढणाऱ्या बुजुर्गांची तर मुळीच नाही. सगळ्यांची नीयत साफ, आणि माणूस मेलेला. अशा वेळी वक्त आ गया था हे वाक्य धावून येते आणि सगळे सुटतात. आमचे म्हणणे असे की शरीयतच्या जाणकारांनी इतक्या सहजासहजी कोणाला सोडलेले नाही.

आम्ही मुफ्ती नाही आणि फतवा देत नाही. पण मदरशात किंवा घरी फिक्हची ओळख झालेल्या कोणालाही ठाऊक असेल की हनफी किताबांत कत्लचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला शेवटचा आहे कत्ल बिस्सबब. दाखला नेहमी विहिरीचा. एखाद्याने आपल्या मालकीच्या नसलेल्या जागेत विहीर खणली आणि वाटसरू तिच्यात पडून मेला. खणणाऱ्याने त्याला ढकलले नाही. तो तिथे हजरही नव्हता. वाटसरूचे नावही त्याला माहीत नाही. तरीही दियत द्यावी लागते. खुनाचा गुन्हा त्याच्या माथी मारत नाहीत, कफ्फाराही नाही (कोकणातले आमचे शाफई बांधव म्हणतील की त्यांच्याकडे कफ्फाराही येतो), पण मेलेल्याच्या वारसांचे देणे उभे राहते. वाटसरूचा वक्त आला होता हे त्या फकीहांना माहीत नव्हते काय? तकदीरवर त्यांचा ईमान आपल्यापेक्षा कच्चा नव्हता. त्यांनी एवढेच ओळखले की वक्त अल्लाहच्या हाती आणि विहीर माणसाच्या हातची. गुन्हा आणि देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीयत नसेल तर पहिला जाऊ शकतो, दुसरे जात नाही.

व्यापाऱ्याकडून एक जवाब येईल, आणि तो कच्चा नाही. त्याच किताबांत लिहिले आहे की कोणी जाणूनबुजून स्वतःला विहिरीत झोकून दिले तर खणणाऱ्यावर काही नाही. कारागिराला धूळ ठाऊक होती, बापाचा खोकला त्याने पाहिला होता, तरी तो चाकावर बसला. मग तो पडला की त्याने उडी मारली?

या जवाबाला आमच्याकडे दोन उत्तरे आहेत. पहिले दुबळे आहे : ज्याच्यापुढे दुसरी रोटी नाही त्याच्या बसण्याला उडी म्हणता येत नाही. दुबळे अशासाठी की मजबुरी कुठे संपते आणि मर्जी कुठे सुरू होते हे मोजायचा काटा कोणाकडे नाही. दुसरे उत्तर मात्र आम्हाला पक्के वाटते. खंभातमध्ये ही चाके कितीएक ठिकाणी घरातच, ओट्यावर, अंगणात चालत आली आहेत. त्या धुळीत बायका भाकऱ्या करतात, मुले निजतात, शेजारी श्वास घेतात. ज्यांनी आयुष्यात कधी दगड हातात धरला नाही अशा आसपासच्या रहिवाशांतही सिलिकोसिस सापडला आहे, आणि ही बाब तपासणीतून नोंदली गेली आहे. पाळण्यातल्या लेकराने उडी मारली, असे कोण म्हणेल?

हे दुखणे एकट्या खंभातचेही नाही. आमच्या पिढीने पाटीवर ज्या पेन्सिलीने अलिफ-बे गिरवले ती मध्य प्रदेशात मंदसौरला दगड कापून बनवली जाई, आणि तिथल्या कामगारांच्या छातीतही हाच कण सापडला. गोध्रा परिसरात क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातून आलेले आदिवासी मजूर मेले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत असा आदेश गुजरात सरकारला दिला. न्यायालयाने त्याला दियत म्हटले नाही, पण मामला त्याच जातीचा आहे. तिथे निदान कारखाना होता, पत्ता होता. 1948 च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवायचा आजार ठरवला. पण ज्याचा कारखाना म्हणजे त्याच्याच घराचा ओटा आणि ज्याची मोटर त्याच्याच मीटरवर चालते, त्याचा मालक कोण म्हणून लिहायचा? वडोदऱ्याचे पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर या कारागिरांसोबत काम करत आले आहे, ते याच भिंतीला डोके आपटत.

आणि इथेच सर्वांत अवघड गाठ आहे. शेजाऱ्याच्या लेकराच्या छातीत गेलेली धूळ ज्या चाकाची, ते चाक चालवणारा कारागीर स्वतःच खोकतो आहे. विहीर त्याने खणली, तोही तिच्यातच. कायद्याच्या भाषेत पहिला जबाबदार तोच निघेल. त्याच्याकडून दियत घेणार काय? त्याच्या घरात तर औषधालाही पैसे नाहीत.

हनफी फकीहांपुढे ही अडचण वेगळ्या रूपात आली होती. अशी दियत एकट्याला झेपणार नाही, म्हणून ती त्याच्या आकिलावर, म्हणजे त्याला पाठबळ देणाऱ्या जमातीवर टाकली गेली आणि फेडायला तीन वर्षांची मुदत दिली गेली. आधी ही जमात म्हणजे कबिला. हजरत उमर यांच्या काळात दीवानच्या, म्हणजे सरकारी नोंदवहीच्या बरादरीवर ती आली. आणि बाराव्या शतकात मरगीनानी यांच्या हिदायामध्ये पुढची गोष्टही येते : जिथे लोक एकमेकांना हुन्नरच्या नात्याने आधार देतात तिथे हुन्नरवालेच आकिला. ही नजर किती पुढची होती! कबिला नसलेल्या बाजारी शहरांत जिम्मेदारी कोणाच्या खांद्यावर ठेवायची, याचा विचार त्यांनी करून ठेवला होता.

मग अकीकच्या हुन्नरची बरादरी कोणती? फक्त चाकावर बसणारे? रतनपूरच्या खाणीपासून निर्यातदाराच्या गोदामापर्यंत या दगडावर जो जो कमावतो, त्याची नोंद त्या वहीत व्हायला काय हरकत आहे? प्रत्येक माळेमागे थोडी रक्कम बाजूला पडली, तिच्यातून पाण्याची धार आणि धूळ ओढणारी नळी आधी बसली, चाक घरातून उठून वस्तीबाहेरच्या छपराखाली गेले आणि उरलेले वारसांना गेले, तर दगड किती महागेल? काही रुपयांनी. आणि गिऱ्हाईक त्या वहीत येते की नाही? आम्हाला वाटते येते, शेवटच्या ओळीवर का होईना. पण हुन्नरच्या नात्यात खरेदीदार धरावा की नाही यावर उलेमांत मतभेद होतील, आणि ते व्हावेत. आमच्या वार्षिक अंकांत तकदीरवर बरेच लिहून झाले आहे. कत्ल बिस्सबबचा हा बाब काढून, खंभातचे चाक पुढ्यात ठेवून, कोणी आलिम लिहितील तर त्यांच्यासाठी पाने राखून ठेवायला संपादकांची ना नसावी.